युथ क्वायरचा इतिहास लिहायचाय, नावांच्या यादीपलीकडे काय काय यायला हवं?

लॉफ्टवरची अल्टो:
नमस्कार मंडळी, आमच्या पॅरिशच्या (धर्मग्रामाच्या) युथ क्वायरचा, म्हणजे तरुणांच्या गायकवृंदाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. स्मरणिकेत बऱ्यापैकी जागा आहे आणि फादर म्हणालेत सविस्तर लिही, कापाकापी करणार नाही. म्हणून आधीच्या स्मरणिका काढून वाचल्या तर सगळीकडे तोच साचा. अमुक साली स्थापना, मग क्वायर मास्टरांची नावं, मग स्पर्धेतली बक्षिसं, मग ग्रुप फोटो, झालं. ते वाचून कुणालाच कळत नाही की परीक्षा, क्लास, नोकरीची शोधाशोध सगळं सांभाळून ही मुलं दर आठवड्याला कशासाठी जमत होती, आणि अख्खी बॅच निघून गेली तरी पुढच्या रविवारी प्रवेशगीत कसं काय झालं. मला तेच लिहायचंय.

माझं म्हणणं असं आहे की युथ क्वायर वाढला की नाही हे लॉफ्टवर (क्वायर उभा राहतो त्या माळ्यावर) किती जण उभे आहेत ह्यावरून बघूच नये. खाली बाकांवरची माणसं गायला लागली का, आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना नीट शिकवून सोपवलं का, ह्या दोन गोष्टी बघाव्यात. पण हे कागदावर कसं आणायचं? आणि सुरुवात कुठून करायची, आमच्या पहिल्या प्रॅक्टिसपासून की त्याच्याही मागून? ज्यांनी क्वायरमध्ये वर्षं घालवलीत त्यांनी प्लीज लिहा, लांब लिहिलंत तरी चालेल.

जुना टेनर:
ताई, मागूनच सुरू करा. पहिल्या प्रॅक्टिसच्या तारखेपासून सुरू केलंत तर आजच्या मुलांना वाटेल की मुलगे-मुली शेजारी शेजारी उभे राहून गिटारवर गाणं म्हणतात हे चर्चमध्ये कायमच होतं. तसं अजिबात नव्हतं आणि ते कसं बदललं ही फार मोठी गोष्ट आहे.

२२ नोव्हेंबर १९०३ ला, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाला, पोप दहावे पायस ह्यांनी चर्चच्या संगीताबद्दल एक आज्ञापत्र काढलं. त्या काळी चर्चमध्ये ऑपेरासारखं गाणं शिरलं होतं, मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) बाजूला आणि गायकाची करामत पुढे असा प्रकार, त्याला आळा घालायचा होता. त्यांनी ग्रेगोरियन गायन (सगळ्यांनी एकाच चालीत म्हणायचं जुनं लॅटिन गायन) हा सगळ्यात वरचा आदर्श ठरवला आणि त्याच्या जोडीला सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना ह्या संगीतकाराच्या काळची पॉलिफनी, म्हणजे अनेक आवाजांच्या वेगवेगळ्या चाली एकत्र गुंफणं. पण त्याच पत्रात पियानोला बंदी, ढोल-झांजांसारख्या वाद्यांना बंदी, बँडला बंदी, आणि क्वायर ही उपासनेतली अधिकृत सेवा आहे म्हणून बायकांना त्यात जागा नाही, वरचे सूर हवे असतील तर लहान मुलगे घ्या असं स्पष्ट लिहिलंय. आता विचार करा, आजचा कुठलाही युथ क्वायर घ्या, त्यातली निम्मी मुलं त्या नियमात बाहेर!

मग २५ डिसेंबर १९५५ ला बारावे पायस ह्यांनी थोडं दार उघडलं. जिथं मुलग्यांचा क्वायर मिळत नाही तिथं पुरुष आणि बायका-मुली गाऊ शकतात, पण वेदीच्या भागाबाहेर आणि दोघं पूर्ण वेगळे उभे राहून. त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा. ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचं संविधान मंजूर झालं, त्यात क्वायर जोपासा असं सांगितलं आणि लगेच पुढे की जे सगळ्या भाविकांनी गायचं ते सगळ्यांना गाता आलं पाहिजे. ऑर्गनचा मान कायम ठेवला पण पवित्र वापराला योग्य असतील तर बाकी वाद्यांनाही वाट मोकळी केली. आणि ५ मार्च १९६७ च्या 'मुझिकाम साक्रम' ह्या सूचनापत्रात स्त्री-पुरुष मिळून क्वायर होऊ शकतो हे सरळ मान्य झालं. चौसष्ट वर्षांत एवढा बदल. तुमच्या क्वायरची पहिली प्रॅक्टिस ह्या सगळ्यानंतरचीच असणार, म्हणून हे दोन परिच्छेद आधी टाकाच.

बास_क्लेफ:
जुना टेनर, भारी माहिती. फक्त एक जोडतो, मुली आणि चर्चमधलं गाणं हे एकदम नवीनही नाही. व्हेनिसमध्ये ओस्पेदाले देल्ला पिएता नावाची अनाथ मुलांसाठीची संस्था होती, १७०३ पासून विवाल्दी तिथं शिकवायचा, तिथल्या मुली चॅपेलमध्ये गायच्या आणि वाजवायच्याही, पण जाळीच्या आड बसून. लोक लांबून लांबून ऐकायला यायचे. म्हणजे आवाज हवा होता, चेहरा दिसायला नको होता. मला तो इतिहास वाचून फार वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो की आपल्या मुली आता समोर उभ्या राहून प्रतिसाद स्तोत्र (बायबल वाचनानंतर लोकांच्या ध्रुवपदासह गायचं स्तोत्र) गातात.

मागच्या बाकावरून:
मी क्वायरमध्ये कधीच नव्हतो, नेहमी खाली बसणारा माणूस, तरी लिहितो कारण धाग्याच्या सुरुवातीला बाकांचा उल्लेख आलाय. तुमच्या इतिहासात आम्हालाही जागा द्या हो. आमच्याकडे एक काळ असा होता की युथ क्वायर अप्रतिम गायचा, तीन आवाज, मधे सोलो, सगळं होतं, आणि आम्ही हाताची घडी घालून ऐकायचो. गाणं संपल्यावर काही लोक टाळ्याही वाजवायचे. मग कधीतरी क्वायर चालवणारी मुलगी बदलली आणि तिनं दोन गोष्टी केल्या, एक म्हणजे गाण्यांची पट्टी खाली आणली आणि दुसरं म्हणजे एक नवीन गाणं आलं की ते लागोपाठ काही रविवार तेच ठेवायची, बदलायची नाही. मिस्सा सुरू व्हायच्या आधी समोर येऊन पालुपद एकदा म्हणून दाखवायची, आम्ही मागून म्हणायचो, बस. काही महिन्यांत चर्चचा आवाजच बदलला. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा, ज्यांना मी कधी ओठ हलवताना बघितलं नव्हतं, ते अर्पण गीताला मोठ्यानं गायला लागले. त्या वर्षी क्वायरनं स्पर्धेत काही जिंकलं का मला माहीत नाही, पण माझ्या दृष्टीनं क्वायर सगळ्यात जास्त वाढला तो त्या वर्षी.

लॉफ्टवरची अल्टो:
मागच्या बाकावरून, तुमचं हे मी (नाव-गाव न घालता) वापरलं तर चालेल का? अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि मला एवढं नेमकं सांगता येत नव्हतं.

पट्टीबद्दल जरा जास्त लिहाल का कुणीतरी? आमच्याकडे नेहमी भांडण ह्यावरच, सोप्रानोंना (सगळ्यात वरच्या आवाजाच्या मुलींना) वर हवं असतं.

बास_क्लेफ:
पट्टीचं मी सांगतो. सर्वसाधारण माणसाला, ज्यानं गाणं शिकलेलं नाही, सकाळच्या मिस्साला आरामात जमतो तो पल्ला साधारण एका सप्तकाला थोडंसं जास्त, खालच्या सी च्या आसपासपासून वरच्या डी पर्यंत. डी च्या वर वारंवार जायला लागलं की लोक आधी आवाज बारीक करतात आणि मग गप्प होतात, आणि एकदा गप्प झाले की त्या गाण्यात परत येत नाहीत. सोप्रानोंना वर जायचंच असेल तर शेवटच्या कडव्याला वरचा वेगळा सूर द्या, खाली लोकांची मूळ चाल तशीच चालू राहू दे, दोघंही खूश. पण मूळ चालच वर नेऊन ठेवायची हे मला चुकीचंच वाटतं, कितीही सुंदर लागली तरी.

दुसरा मुद्दा, जो कुठल्याच स्मरणिकेत येत नाही, तो म्हणजे मुलग्यांचा आवाज फुटणं. तुमच्या जुन्या फोटोंमध्ये बघा, बारा-तेरा वर्षांपर्यंतचे मुलगे दिसतील, मग मधली चार-पाच वर्षं गायब, आणि मग एकदम मिशा फुटलेले एखाददोन. ही मुलं गेली कुठं? त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की तुझा आवाज आता गेला. स्वरयंत्र भराभर वाढतं, बोलण्याची पट्टी जवळजवळ एक सप्तक खाली येते, मधल्या काळात आवाज कधी लागतो कधी लागत नाही, ह्यात त्या मुलाचा काही दोष नसतो. मुलींचाही आवाज बदलतो, कमी उतरतो पण काही काळ हवा जास्त आणि सूर कमी असा येतो, त्यांच्याकडे तर कुणी लक्षच देत नाही.

शुबर्ट लहानपणी व्हिएन्नाच्या दरबारी चॅपेलमध्ये गायचा, त्याचा आवाज फुटला तेव्हा त्यानं आल्टोच्या सुरावटीच्या कागदावर लिहून ठेवलं की शेवटचं आरवलो, तारीख २६ जुलै १८१२. त्याला गाणं थांबवावं लागलं, पण चर्चचं संगीत त्यानं सोडलं नाही. दोनच वर्षांनी, १८१४ साली, सतरा वर्षांचा असताना त्यानं स्वतःच्या लिख्टेन्टाल पॅरिशच्या शताब्दीसाठी अख्खी मिस्सा लिहिली आणि तिथंच ती गायली गेली, त्याच पॅरिशच्या क्वायरमध्ये तो लहानपणी शिकला होता. मला हे उदाहरण प्रत्येक क्वायर मास्टरला सांगावंसं वाटतं. आवाज फुटलेल्या मुलाला घरी पाठवू नका. त्याच्यासाठी मधल्या चार-पाच सुरांत बसेल असा छोटा पार्ट लिहा, नाहीतर काही महिने त्याला गिटार द्या, साउंड द्या, पुस्तकं वाटायला द्या, पण प्रॅक्टिसला बोलवत राहा. सोप्रानो-अल्टो-टेनर-बास असे (वरून खाली) चार आवाज कोवळ्या वयात ओढूनताणून करायची गरज नाही, मुलींचे दोन आणि मुलग्यांचा एक असे तीन आवाज पुष्कळ होतात.

गिटारवाला:
माझ्याकडून गिटारची बाजू. परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत व्हायला लागली आणि एकदम मोठा प्रश्न उभा राहिला, गायचं काय? लॅटिन गाणी पाठ होती, आपल्या भाषेतली नव्हती किंवा अगदी थोडी होती. ती पोकळी ज्यांनी भरून काढली त्यात तरुण मुलं खूप होती. साठच्या दशकात ठिकठिकाणी गिटार मिस्सा सुरू झाल्या, तीन-चार कॉर्ड्स, साधी चाल, हातानं लिहून सायक्लोस्टाइल केलेले कागद. त्यातली पुष्कळ गाणी टिकली नाहीत आणि टिकायला नको होती असंही मी म्हणेन, शब्द उथळ होते, श्रद्धेचा गाभाच नव्हता. पण त्या वेळी ती मुलं पुढं आली नसती तर युथ क्वायर हा प्रकारच जन्माला आला नसता, हे श्रेय त्यांना द्यायला हवं.

परिषदेच्या आधीसुद्धा काही ठिकाणी हे घडत होतं बरं का. १९५८ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये कामिना इथं फादर गिडो हाझेन ह्या फ्रान्सिस्कन मिशनऱ्याच्या क्वायरनं, ज्यात बहुतेक शाळकरी मुलगेच होते, लॅटिन मिस्सा तिथल्या लोकांच्या चालींवर आणि तालवाद्यांवर गायली, 'मिसा लुबा'. शब्द लॅटिन, जीव आपल्या मातीतला. ती रेकॉर्ड जगभर गेली.

आणि तेझे विसरू नका. फ्रान्समधल्या एका खेड्यात ब्रदर रॉजे ह्यांनी १९४० मध्ये सुरू केलेला सर्वपंथीय मठ. तिथं हजारो तरुण यायला लागले, प्रत्येकाची भाषा वेगळी, मग एकत्र गायचं कसं? तर एका-दोन ओळींची गाणी, पुन्हा पुन्हा म्हणायची, चार आवाज सहज जोडता येतात, पाठ करायला एक मिनिट लागतं. त्यातली खूपशी जाक बर्तिए ह्या संगीतकारानं बांधली. नवीन युथ क्वायरला हार्मनी शिकवायची असेल तर ह्याच्याइतकी चांगली शाळा मला माहीत नाही. अर्धं कच्चं पोरगंसुद्धा दहाव्या फेरीला आपला सूर धरून राहतं.

उपासना सिस्टर:
सगळ्यांचं वाचतेय, खूप बरं वाटतंय. मी उपासनेच्या बाजूनं थोडं लिहिते कारण क्वायरची वाढ म्हणजे समज वाढणंही आहे आणि तुझ्या इतिहासात ते दिसलं पाहिजे.

मी जुन्या गाण्यांच्या वह्या तपासून बघायला सांगेन. कुठल्या रविवारी काय गायलं ते लिहिलेलं असेल तर त्यावरून क्वायर काय शिकत गेला ते कळतं. बहुतेक युथ क्वायरची सुरुवात अशी असते की चार गाणी निवडायची, प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद, समारोप, आणि मधलं सगळं नुसतं बोलायचं. ह्यात काही पाप नाही पण हे उलटं आहे. 'मुझिकाम साक्रम' वाचलंत तर दिसेल, गायनाची पहिली पायरी म्हणजे फादर आणि लोक ह्यांच्यातले संवाद आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' सारखे सगळ्यांचे भाग. आपण मिस्सामध्ये गाणी म्हणायची नसतात, मिस्साच गायची असते. जिथं क्वायरला हे उमगलं तिथं वहीत फरक दिसतो, 'प्रभो दया कर' ला चाल आलेली दिसते, प्रतिसाद स्तोत्राला दर आठवड्याची नवी चाल दिसते.

काही ठिकाणी अजून स्तोत्राच्या जागी कुठलं तरी भक्तिगीत घालतात, ते चालत नाही, ते देवाचं वचन आहे, त्याच्या जागी दुसरा मजकूर घालता येत नाही. गौरवगीताचे शब्दही बदलायचे नसतात. 'देवाच्या कोकरा' च्या जागी शांतीचं दुसरं गाणं घालून मोकळं व्हायचं, तेही नाही. ह्या गोष्टी मुलांना रागावून सांगितल्या की ती दुखावतात, पण कारण सांगितलं की मनापासून ऐकतात, माझा तरी हाच अनुभव आहे.

उपवासकाळाबद्दल (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांबद्दल) लिहायला विसरू नकोस. त्या दिवसांत वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असतात, नुसतं वादन नाही, चौथा रविवार आणि महासण-सण सोडून. आल्लेलुया नाही. आज्ञा गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) गौरवगीतानंतर तर पास्का जागरणापर्यंत (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपर्यंत) घंटाही वाजत नाहीत. ज्या क्वायरनं हे नीट पाळलंय त्यांची मुलं वाद्यांशिवाय सूर धरायला शिकतात, कारण लपायला कीबोर्डच नसतो. एखाद्या क्वायरची खरी ताकद मी तरी गुड फ्रायडेला ओळखते, नाताळला नाही.

आणि हो, क्वायरलाही ख्रिस्तप्रसाद आरामात घेता आला पाहिजे असं नियमातच लिहिलंय. गाण्याच्या नादात मुलं प्रसादाशिवाय राहतात, हे बघून मला फार त्रास होतो. त्यासाठी एक छोटं गाणं असं ठेवा जे लोक एकट्यानं चालवू शकतात, तेवढ्यात क्वायर जाऊन येईल.

नव्यानं आलेला:
सिस्टर, आमच्या क्वायरला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. स्तोत्राला दर आठवड्याला नवी चाल कुठून आणायची पण? आम्ही सगळे कॉलेजवाले आहोत, कंपोझर कुणी नाही.

उपासना सिस्टर:
प्रत्येक वेळी नवी लागत नाही बाळा. त्या त्या काळासाठी ठरवून दिलेली सामाईक स्तोत्रं असतात, आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत) तेच, उपवासकाळात तेच, ती वापरायला परवानगी आहे. ध्रुवपदाची एक साधी चाल लोकांना येऊ दे, कडव्यांसाठी दोन-तीन सुरांवर वाक्य म्हणायची जुनी पद्धत आहेच, ती एकाला शिकव.

दृढीकरण वर्गवाली:
मला सोपवण्याबद्दल लिहायचंय कारण मी दरवर्षी तेच बघते. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेत पक्कं करणारा संस्कार) झालं की मुलं क्वायरमधून गळतात. सगळे म्हणतात मुलांना आवड नाही राहिली. मला ते पटत नाही. दृढीकरणाच्या तयारीत आपण त्यांना सांगतो की आता तुम्ही मोठे, आता जबाबदारी तुमची, आणि क्वायरमध्ये मात्र त्यांना तेच स्थान, मागच्या रांगेत उभं राहा आणि सांगितलं ते म्हण. ज्या वर्षी आमच्या क्वायर मास्टरनी दृढीकरण झालेल्या प्रत्येकाला एक काम दिलं, कुणाला स्तोत्र, कुणाला लहानांची तालीम, कुणाला गाण्यांची निवड, एकाला फक्त वही, त्या वर्षी जवळजवळ कुणी गेलं नाही. तेव्हापासून पद्धतच पडली. गाणं बसवायची वेळ आली की नवीन मुलाला क्वायर मास्टर शिकवत नाहीत, त्याच्या आधीच्या वर्षी आलेलं मूल शिकवतं. हळू होतं, चुका राहतात, पण शिकवणाऱ्याचं पक्कं होतं आणि शिकणाऱ्याला घरचं वाटतं.

ह्यातच एक दुखरी गोष्टही आहे. काही क्वायर एका माणसाच्या जिवावर चालतात. तो फार गुणी असतो, सगळं त्याच्या डोक्यात, चाली त्याच्या, कॉर्ड्स त्याच्या, आणि तो नोकरीसाठी दुसरीकडे गेला की दोन महिन्यांत क्वायर बसतो. हे मी जवळून बघितलंय. त्याचा दोष मी म्हणणार नाही, त्यानं जीव ओतला होता, पण त्याच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही.

बास_क्लेफ:
+१, आणि ह्याला इतिहासात फार जुना आधार आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी आरेत्झोचा गिडो नावाचा एक बेनेडिक्टाइन मठवासी होता, त्याच्या वेळी क्वायरमधल्या मुलांना सगळी गाणी ऐकून ऐकून पाठ करावी लागायची, वर्षंच्या वर्षं जायची, गुरू नसला की सगळं ठप्प. त्यानं सुरांना रेषांवर बसवायची पद्धत नीट लावली आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या एका स्तोत्रातल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेऊन उत, रे, मी, फा, सोल, ला अशी नावं दिली. हे सगळं कशासाठी, तर मुलांना कधी न ऐकलेलं गाणंही गुरूशिवाय गाता यावं म्हणून. एवढं मोठं काम एका क्वायर शिकवणाऱ्याच्या गरजेतून झालं. तेव्हा आठवड्याला दहा मिनिटं तरी मुलांना नोटेशन वाचायला शिकवा हो, स्टाफ नोटेशन, सा रे ग म, काहीही, पण वाचता आलं पाहिजे.

स्पर्धेच्या बाजूनं:
सगळे स्पर्धांना नावं ठेवतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी क्वायरमध्ये आलोच स्पर्धेमुळे. मित्र जात होते, मजा होती, प्रवास होता, जिंकायची ईर्ष्या होती. तिथं पहिल्यांदा दुसऱ्या पॅरिशचे क्वायर ऐकले आणि कळलं की आपण किती ओरडतो. चार आवाजांत गाणं, श्वास कुठं घ्यायचा, शेवटचं अक्षर सगळ्यांनी एकत्र कसं तोडायचं, हे सगळं स्पर्धेच्या तयारीत शिकलो आणि ते रविवारच्या मिस्सात कामाला आलं. त्यामुळे बक्षिसांची यादी काढून टाकू नका. मुलांना कुठंतरी टोक गाठल्याचा आनंद लागतो, त्या वयात तर जास्तच.

मागच्या बाकावरून:
स्पर्धेच्या बाजूनं, मान्य आहे मला तुमचं. माझी तक्रार स्पर्धेवर नव्हती, स्पर्धेतलं गाणं जसंच्या तसं मिस्सात आणून आम्हाला प्रेक्षक करण्यावर होती. 'मुझिकाम साक्रम' मध्ये ह्याबद्दल स्पष्ट आहे असं सिस्टरांनी मला एकदा सांगितलं होतं, लोकांना पूर्ण बाजूला ठेवून सगळं गायन एकट्या क्वायरकडे द्यायची पद्धत योग्य नाही.

उपासना सिस्टर:
हो, तसंच आहे. आणि त्याच कागदात क्वायरच्या संगीत शिक्षणाबरोबर उपासनेचं आणि आध्यात्मिक शिक्षणही द्या असंही आहे. दोन्ही बाजू धरा, कुणीच चुकत नाहीये इथं. एखादं गाणं क्वायरनं एकट्यानं म्हणावं अशीही जागा मिस्सामध्ये असते, अर्पणाच्या वेळी किंवा ख्रिस्तप्रसादानंतर, तिथं ते स्पर्धेचं गाणं जरूर गा.

गिटारवाला:
अजून एक आठवलं, मोठ्या मेळाव्यांनी क्वायर किती बदलले ते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी जागतिक युवा दिन सुरू केला, पहिला १९८६ च्या झावळ्यांच्या रविवारी. १९९५ च्या मनिलाच्या वेळी तर माणसांचा समुद्र होता. प्रत्येक मेळाव्याचं एक गाणं असतं आणि ते जगभरातल्या युथ क्वायरमध्ये पसरतं, त्या त्या भाषेत उतरतं. तुमच्या पॅरिशमधून कुणी अशा मेळाव्याला जाऊन आलं असेल तर त्या वर्षानंतरच्या वह्या बघा, गाणी बदललेली दिसतील.

लॉफ्टवरची अल्टो:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता आराखडा डोक्यात तयार झाला. आधी जुना टेनर म्हणतात तसं १९०३ ते १९६७, मग आमची सुरुवात, पण त्यानंतर वर्षांच्या क्रमानं जाण्याऐवजी वह्यांच्या क्रमानं जाणार आहे. आमच्याकडे हातानं लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत आणि त्यात वेगवेगळी अक्षरं दिसतात, एकाचं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं, कडेला कॉर्ड्स खोडून पट्टी खाली आणलेली दिसते. कुणी कुणाला शिकवलं ते मी त्यावरून लावणार आणि जमेल तिथं माणसांना विचारून पक्कं करणार. बक्षिसं एका चौकटीत येतील, काढणार नाही. आवाज फुटलेल्या मुलांचं एक वेगळं पान करायचंय, जे निघून गेले त्यांना शोधून विचारायचंय की का गेलात. आणि बाकांवरच्या लोकांचं एक.

जुन्या लोकांच्या मुलाखती कशा घ्यायच्या ह्याबद्दल कुणी सांगेल का? आतापर्यंत दोघा-तिघांशी बोलले तर "आमच्या वेळी फार छान होतं" ह्याच्या पुढं कुणी जात नाही.

जुना टेनर:
प्रश्न विचारू नका, आधी गायला लावा. वही समोर ठेवा आणि म्हणा, हे तुम्ही कसं म्हणायचात? दोन ओळी गायल्या की माणूस आपोआप बोलायला लागतो, इथं आम्ही श्वास घ्यायचो, ही जागा अमक्यानं बदलली, हे फादरना आवडायचं नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण परवानगी विचारून. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या बॅचच्या माणसांना एकत्र बसवा, एकाच गाण्याच्या चालीत दोघांचा फरक निघतो आणि मग दोघं वाद घालतात, त्या वादात सगळा इतिहास बाहेर येतो. चाल दोन्ही तऱ्हांची लिहून ठेवा, बरोबर कुठली ते तुम्ही ठरवू नका. आणि सोप्रानो-टेनर ह्यांच्याकडे सगळेच जातात, तुम्ही आधी ऑर्गन-कीबोर्ड वाजवणाऱ्यांकडे जा, दर रविवारी पट्टी त्यांनीच धरलेली असते, कुठलं गाणं लोकांनी उचललं आणि कुठलं पडलं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.